जुने डॉक्टर गेल्यावर नव्या डॉक्टरांशी नाते कसे जोडावे

परभणी जिल्ह्यातील सेलू येथील एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे : "आमच्या घराचे डॉक्टर गेली पंचवीस वर्षे तेच होते. मागच्या वर्षी त्यांनी दवाखाना बंद केला आणि ते पुण्याला मुलाकडे गेले. सासऱ्यांना मधुमेह आणि बीपी आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. गावात नवे एमडी डॉक्टर आले आहेत. पण ते तरुण आहेत, कमी बोलतात, संगणकाकडे पाहत लिहितात आणि पाच मिनिटांत बाहेर पाठवतात. सासरे म्हणतात, त्यांना आपल्याबद्दल काय माहीत? म्हणून ते जुनीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवून गोळ्या आणतात. जुन्या डॉक्टरांशी होते तसे नाते यांच्याशी जुळेल का आणि कसे?"

मीही मराठवाड्यातच फिजिशियन म्हणून अनेक वर्षे रुग्ण तपासतो आहे. आपला प्रश्न नात्याविषयी आहे, परंतु मला पहिली काळजी त्या जुन्या चिठ्ठीची वाटते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. वयाबरोबर मूत्रपिंडाचे काम मंदावत जाते आणि मधुमेहात ते अधिक लवकर मंदावते. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, अशा शरीरात अधिक काळ परिणाम करत राहतात. जी मात्रा सत्तराव्या वर्षी बरोबर होती, तीच बहात्तराव्या वर्षी पहाटे साखर एकदम उतरवू शकते. मग दरदरून घाम येणे, हात थरथरणे, असंबद्ध बोलणे असा प्रकार घडतो आणि घरच्यांना तो अशक्तपणा किंवा वयाचा विसरभोळेपणा वाटतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची मात्राही क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट पाहूनच ठरवायची असते. तेव्हा नव्या डॉक्टरांशी सूर जुळो वा न जुळो, सासऱ्यांची लघवी, क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी या महिन्यातच करून घ्या आणि ते रिपोर्ट घेऊनच पहिली भेट घ्या.

आता नात्याविषयी. जुन्या डॉक्टरांना आपले घर माहीत होते, याचा वैद्यकीय अर्थ काय होता हे नीट समजून घेतले, तर ते नव्या डॉक्टरांपर्यंत कसे पोहोचवायचे हेही कळते. त्यांना सासऱ्यांचे नेहमीचे शरीर माहीत होते. रक्तदाब एरवी किती असतो, क्रिएटिनिन कित्येक वर्षे १.३ वरच आहे की नाही, हाताचा कंप जुना आहे की नवा, हे त्यांनी सासरे धडधाकट असतानाही पाहिलेले होते. नव्या डॉक्टरांसमोर १.४ हा आकडा पहिल्यांदा येतो, तेव्हा ही वर्षानुवर्षांची स्थिती आहे की महिनाभरात झालेला बिघाड, हे त्यांना त्या एका कागदावरून सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट शेजारी ठेवला, तर क्षणात सांगता येते. नव्या डॉक्टरांकडे विद्या कमी नाही. त्यांच्याजवळ नाही तो आपला भूतकाळ, आणि तो त्यांच्या हाती देणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

जुने डॉक्टर पुण्याला गेले असले तरी फोनवर मिळत असतील, तर त्यांना अर्ध्या पानाचे पत्र मागा : निदान कोणते, केव्हापासून, कोणते औषध देऊन पाहिले आणि का बंद केले. हे शेवटचे फार मोलाचे असते, कारण ज्या गोळीने पायाला सूज आली किंवा कोरडा खोकला लागला, तीच गोळी नवे डॉक्टर अगदी योग्य विचार करून पुन्हा लिहू शकतात. घरात कोणी रुग्णालयात दाखल झालेले असेल, तर तिथल्या नोंदी मागण्याचाही आपल्याला अधिकार आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. तीन वर्षांनंतर त्या मिळतीलच असे नाही, म्हणून मागायच्या असतील तर आताच मागा.

ईसीजीविषयी स्वतंत्रपणे सांगतो. तो बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर निघतो आणि काही वर्षांत पुसट होत जातो. पाकिटात जपून ठेवलेला ईसीजी ऐन वेळी कोरा निघतो. काढला त्याच दिवशी त्याची झेरॉक्स करा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. रात्री दोन वाजता छातीत दुखते म्हणून सासऱ्यांना नेले आणि ईसीजीत काही बदल दिसला, तर तो बदल जुना आहे की त्या रात्रीचा आहे, यावर पुढचा सगळा निर्णय ठरतो.

या सगळ्या कागदांच्या वर ठेवण्यासाठी एक पान आपल्या अक्षरात लिहून काढा. आपण शिक्षिका आहात, हे काम आपल्याइतके नीट घरात दुसरे कोणी करणार नाही. नमुन्यादाखल असे : "वय ७२. मधुमेह २००९ पासून, रक्तदाब २०१३ पासून. २०१६ साली हर्नियाची शस्त्रक्रिया, परभणी. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या. सध्या मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, ग्लिमेपिराइड १ सकाळी जेवणाआधी, टेल्मिसार्टन ४० सकाळी. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. तंबाखू दिवसातून चार-पाच वेळा. एकादशी आणि नवरात्राचे उपवास करतात." एवढे पान डॉक्टर अर्ध्या मिनिटात वाचतात. जाडजूड फाईल मात्र तारखांचा ताळमेळ नसताना पुढे ठेवली, तर ठरलेल्या पाच मिनिटांतली तीन मिनिटे ती चाळण्यात जातात आणि तेवढाच वेळ रुग्णाकडे पाहण्यातून वजा होतो.

गोळ्यांच्या बाबतीत कागदापेक्षा पिशवी खरे सांगते. घरात ज्या ज्या म्हणून गोळ्या, बाटल्या, चूर्ण आणि मलम आहेत, त्या सगळ्या एका पिशवीत घालून न्या. जिंतूरकडच्या एका आजी, उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली, तेव्हा टेल्मिसार्टन या बीपीच्या एकाच औषधाच्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या. एक गावच्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी तालुक्याच्या. नावे निराळी असल्यामुळे आजी दोन्ही घेत होत्या. तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या फिकट रंगाच्या पुड्या होत्या, आठवडी बाजारातून सांधेदुखीसाठी आणलेल्या, ज्यांवर नाव, पत्ता, तारीख काहीही नव्हते. अशा बेनामी पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्याने दुखणे जादूसारखे थांबते, पण साखर आणि रक्तदाब चढतो आणि चेहऱ्यावर सूज येते. आजींची साखर कशानेच का उतरत नव्हती, याचा उलगडा फाईलमधून कधीच झाला नसता. मात्र अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती एका दिवसात फेकून देऊ नका, कारण स्टिरॉइड अचानक बंद झाले की रुग्ण गळून जातो, प्रसंगी जिवावर बेतते. ती डॉक्टरांना दाखवून त्यांच्या देखरेखीखालीच बंद करायची असते.

आपल्या सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घरात डायक्लोफेनॅक किंवा तत्सम वेदनाशामक गोळी असेलच, आणि सासऱ्यांचीही कंबर धरली की तेही त्यातलीच एक घेत असतील. बीपीच्या गोळीबरोबर आणि थकलेल्या मूत्रपिंडावर ही गोळी वरचेवर घेणे धोक्याचे आहे. घरातल्या घरात वाटून घेतलेली अशी औषधे डॉक्टरांना कुणी सांगत नाही, कारण ती औषधे आहेत असे कुणाला वाटतच नाही.

बोलण्याविषयी मी थोडे आग्रहाने लिहितो. आपल्याकडे रुग्ण आत येतो तेव्हा सोबत मुलगा, सून, कधी गावचा एखादा जाणता माणूसही असतो, आणि बोलतात ते सगळे. रुग्ण गप्प असतो. नव्या डॉक्टरांशी नाते आपले नव्हे, सासऱ्यांचे जुळायला हवे आहे, म्हणून पहिली दोन मिनिटे त्यांनाच बोलू द्या, भले ते शेतापासून सुरुवात करोत. राहिलेले आपण नंतर पुरवा. त्यांनी रोगाचे नाव सांगू नये, काय होते ते सांगावे. "मला अॅसिडिटी आहे" या वाक्याने डॉक्टरांचा विचार एका दिशेला जातो. "मळ्यातून चढ चढताना छातीवर दडपण येते, बांधावर बसलो की पाच मिनिटांत जाते" असे म्हटले, तर तोच विचार हृदयाकडे वळतो आणि एखादा झटका टळू शकतो. चमक, कळ, आग, मुंग्या, कणकण, धडधड, जीव घाबरणे हे आपले रोजचे शब्द फार नेमके आहेत, तेच वापरा. आणि मुख्य तक्रार सर्वांत आधी सांगा. संकोचामुळे ती शेवटी, दाराशी गेल्यावर सांगण्याची सवय अनेकांना असते. तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो.

निघण्यापूर्वी जे समजले ते एकदा बोलून दाखवा : "म्हणजे ही उपाशीपोटी, ही जेवल्यावर, आणि चक्कर आली तर फोन करायचा, बरोबर?" यातून चूक तिथल्या तिथे कळते. शिवाय हा रुग्ण आपले ऐकतो आहे, ही जाणीव डॉक्टरांच्या मनात कायमची राहते. पुढच्या वेळी ते आपणहून दोन वाक्ये अधिक बोलतात, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे.

संगणकाकडे पाहण्याचा आपण अपमान मानू नये. त्यात ते आपलीच नोंद करत असतात, आणि सहा महिन्यांनी तीच नोंद त्यांना सासऱ्यांचे वजन चार किलोने उतरल्याचे दाखवते. गर्दीचा मुद्दा मात्र खरा आहे. आठवडी बाजाराचा दिवस, सोमवार आणि सणाच्या पाठोपाठचे दोन दिवस ओपीडी तुंबलेली असते. पहिली भेट या दिवसांत घेऊ नका. फोन करून विचारा की निवांत दाखवायचे आहे, कधी येऊ. ताप, उलट्या असे काही चालू नसताना गेलात तर उत्तम, कारण तेव्हा डॉक्टरांना आजारापेक्षा माणूस पाहायला वेळ मिळतो. कुणा पुढाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा फोन लावून आत जाण्याने नंबर लवकर लागतो, पण ते नाते त्या फोन करणाऱ्याचे असते.

मराठवाड्यात एक गैरसमज इतका मुरलेला आहे की त्यामुळे चांगले तरुण डॉक्टर पहिल्याच महिन्यात नापसंत ठरतात. थकवा आला की सलाईन लावणारा तो चांगला डॉक्टर, असे अनेक घरांत मानले जाते. साध्या मिठाच्या सलाईनच्या अर्धा लिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, आणि पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. ज्याला उलट्या-जुलाबाने पाणी कमी झाले आहे आणि तोंडाने काही टिकत नाही, त्याला सलाईन जीवदान देते. पण बीपी आणि मधुमेहाच्या रुग्णाला निव्वळ तरतरीसाठी ती बाटली कशाला? सासऱ्यांनी मागूनही नव्या डॉक्टरांनी सलाईन नाकारले असेल, तर ते नाराजीचे कारण समजू नका. माझ्या मते तो त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचा चांगला आधार आहे.

खरे सांगण्याची सर्वांत अवघड जागा पैशाची असते. सोयाबीनला भाव मिळाला नाही किंवा पाऊस गेला, की गोळ्या एक दिवसाआड होतात आणि डॉक्टरांना मात्र "रोज घेतो" असेच सांगितले जाते. डॉक्टरांना रक्तदाब वाढलेला दिसतो, ते गोळी वाढवतात, खर्च आणखी वाढतो. त्याऐवजी सरळ सांगा की महिन्याला एवढेच परवडते. स्वस्तातली जेनेरिक गोळी, जनऔषधी केंद्र, एका गोळीत दोन औषधे असे मार्ग डॉक्टरांना माहीत असतात. अडचण कळली तरच ते सुचवतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत, त्यामुळे बीपी-शुगरची नेहमीची औषधे ग्रामीण रुग्णालयातून घेऊन खासगी डॉक्टरांचा सल्ला चालू ठेवणेही शक्य आहे. यात कोणताही डॉक्टर कमीपणा मानणार नाही, फक्त त्याला ते माहीत असले पाहिजे.

तंबाखू, मिश्री, दारू आणि उपवास यांबाबतही हेच. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरून ग्लिमेपिराइड रोजच्यासारखी घेतली, तर साखर धोकादायक उतरू शकते. उपवास सोडा असा आदेश आपले सासरे मानणार नाहीत, हे मी गृहीत धरतो. म्हणून घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी जाऊन विचारा की या दिवसांत कोणती गोळी कमी करायची. रोजे ठेवणारी कुटुंबे रमजानपूर्वी असेच विचारायला येतात आणि त्यांचा महिना सुखरूप जातो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबतही हा प्रश्न विचारण्यासारखा असतो, विशेषतः जुलाब लागल्यास कोणती गोळी थांबवायची, हे आधीच लिहून घेतलेले बरे.

घरातील स्त्रियांविषयी आपण काही विचारलेले नाही, तरी लिहितो. सून सासूसमोर आणि सासू मुलासमोर पाळीचे, पांढरे जाण्याचे, लघवी न थांबण्याचे बोलत नाही. "मला दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे" असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि पुरुष डॉक्टरांकडून तपासणी होताना खोलीत एक स्त्री हजर असणे हाही राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत नोंदवलेला हक्क आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. ज्या बाईला वर्षानुवर्षे ओळखणारी, तिचे ऐकून घेणारी एखादी डॉक्टर जवळ असते, तिला अशा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर थांबून विचारायला एक जागा असते. दुसरे मत घ्यावेसे वाटले, तर लपवून घेऊ नका. "मोठी शस्त्रक्रिया आहे, आणखी एकदा दाखवून येतो, चिठ्ठी द्या" असे म्हणा. यावर चिडणारे डॉक्टर असतात, पण ती चीड त्यांची अडचण आहे, आपली नव्हे.

पुढे-मागे संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा लातूर-नांदेडला जाण्याची वेळ आली, तर परतल्यावर आठवड्याच्या आत डिस्चार्ज कार्ड गावच्या डॉक्टरांना दाखवा. मोठ्या रुग्णालयात वाढवलेल्या गोळ्या आणि घरातल्या जुन्या गोळ्या एकत्र चालू राहण्याचा धोका याच आठवड्यात असतो. सरकारी रुग्णालयात तपासणारे डॉक्टर बदलत राहतात, तेव्हा केस पेपरवरचे युनिट, म्हणजे डॉक्टरांचा गट, आणि त्या युनिटचा ओपीडीचा वार लक्षात ठेवून त्याच वारी जा. निदान वरिष्ठ डॉक्टर तरी तेच भेटतात.

व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाठवायचे का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. टेलिमेडिसिनच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दूरध्वनीवर किंवा संदेशातून सल्ला देता येतो आणि त्याची फीही घेता येते, त्यामुळे ती मागितली तर गैर मानू नका. छातीत दुखणे, एक बाजू लुळी पडणे, शुद्ध हरपणे यांसाठी मात्र संदेश पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये. थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि वाटेतून फोन करावा.

किती दिवस वाट पाहावी, हे आपण विचारणारच. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी होते, त्या हिशेबाने वर्षभरात चार भेटी होतात. एवढ्या भेटींनंतर डॉक्टरांना सासऱ्यांचे नेहमीचे आकडे तोंडपाठ होऊ लागलेले दिसले पाहिजेत. कमी बोलणे, वय लहान असणे, फी पन्नास-शंभर रुपयांनी जास्त असणे ही डॉक्टर बदलण्याची कारणे नव्हेत. मात्र चिठ्ठीवर निदान आणि नोंदणी क्रमांक नसेल, नाव नसलेल्या सुट्या गोळ्या कागदात बांधून मिळत असतील, आपल्याच मेडिकलवरून औषध घेण्याची सक्ती असेल, किंवा ही तपासणी कशासाठी या साध्या प्रश्नावर राग येत असेल, तर दोन भेटींतच दुसरे डॉक्टर शोधा.

सासऱ्यांची समजूत काढताना नव्या डॉक्टरांची स्तुती करू नका, त्याने ते अधिकच अडून बसतील. जुन्या डॉक्टरांना पुण्याला फोन लावून द्या आणि त्यांच्याच तोंडून सांगवा की माझी चिठ्ठी आता जुनी झाली, यांना दाखवा. हे दोन डॉक्टर आपसात पाच मिनिटे बोलले, तर फारच उत्तम. नव्या डॉक्टरांना तशी विनंती करायला अजिबात संकोचू नका, आम्ही आनंदाने बोलतो.